शेजारचा संगणक दिसत नाही : एका तक्रारीचा इतिहास

शाळेच्या संगणक कक्षात वारंवार ऐकू येणारी एक तक्रार घेऊ. दोन संगणक एकाच पेटीला तारेने जोडलेले आहेत. पेटीवरचे दिवे लुकलुकत आहेत. दोन्ही संगणकांवर इंटरनेट व्यवस्थित चालते, म्हणजे हजारो किलोमीटरवरचे पान क्षणात समोर येते. पण चार फुटांवरच्या संगणकातली प्रश्नपत्रिकेची फाइल मात्र उघडत नाही, कारण तो संगणक मुळी ‘दिसतच’ नाही. मग कोणीतरी पेनड्राइव्ह शोधून आणतो आणि त्याच्यासोबत कधीकधी एखादा विषाणूही येतो.

असे का होते, याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. एका यंत्रातली फाइल दुसऱ्या यंत्राला उपलब्ध करून देण्याची जी व्यवस्था आज आपण वापरतो, ती कोणी एका बैठकीत आखलेली नाही. जुन्या वाड्याला प्रत्येक पिढीने एकेक खोली जोडावी, तशी ती वाढली आहे. कोणती भिंत कधी आणि का उभी राहिली, हे ठाऊक असले की बिघाड शोधणे पुष्कळ सोपे जाते. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत या वाड्याच्या काही खोल्या अगदी उघड्यावर पाहायला मिळत असत. तेथल्या तारा इमारतींच्या गच्च्यांवरून लोंबत होत्या. म्हणून हा इतिहास आम्ही याच भागाच्या आधाराने सांगणार आहोत.

काखेतली फाइल

मुंबईत संगणकाची फाइल आधी फिरली ती माणसाच्या काखेतून. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशी बनावटीचा ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली सुरू झाला आणि १९६४ मध्ये कुलाब्याला ‘सीडीसी ३६००’ हे मोठे अमेरिकन यंत्र आले. देशातल्या अनेक संस्थांचे संशोधक आपली गणिते त्यावर करून घेत. त्या काळी आज्ञावली म्हणजे छिद्रे पाडलेल्या पत्त्यांचा गठ्ठा. एका पत्त्यावर ८० स्तंभ असत, पण फोरट्रान भाषेत आज्ञेसाठी ७२ व्या स्तंभापर्यंतच लिहायचे असे. उरलेल्या आठ स्तंभांत पत्त्याचा अनुक्रमांक टाकण्याची पद्धत होती. गठ्ठा हातातून निसटला तर यंत्राने तो पुन्हा लावून घ्यावा, हा त्यामागचा हेतू. फाइलींच्या वाहतुकीत बिघाड होणारच असे धरून तिच्यातच दुरुस्तीची सोय करून ठेवायची, ही कल्पना इतकी जुनी आहे.

दूरच्या संस्थांना तारेने जोडण्याचे काम आपल्याकडे १९८६ मध्ये ‘अर्नेट’ प्रकल्पाने हाती घेतले. केंद्र सरकारचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांच्या साहाय्याने आठ संस्था त्यात होत्या. मुंबईतल्या दोन म्हणजे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची आयआयटी. साध्या टेलिफोन लाइनवरून या दोघींमध्ये पत्रे आणि फाइली जाऊ लागल्या. तो इतिहास मोठा आहे, पण आपली तक्रार लांब पल्ल्याची नाही. ती एका खोलीतली किंवा एका इमारतीतली आहे. तिच्यासाठी आपल्याला हवाई बेटांकडे जावे लागेल.

ईथर आणि दोरी

हवाई विद्यापीठात १९७१ साली वेगवेगळ्या बेटांवरची यंत्रे रेडिओलहरींनी जोडण्याचा ‘अलोहा’ हा प्रयोग सुरू झाला. लहरींचा मार्ग सर्वांना मिळून एकच होता. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही बोलणे वाया जाई. मग प्रत्येकाने थोडा वेळ थांबून पुन्हा प्रयत्न करायचा. ही युक्ती रॉबर्ट मेटकाफ यांनी तारेवर आणली. अमेरिकेत पालो आल्टो येथील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात २२ मे १९७३ रोजी लिहिलेल्या टिपणात त्यांनी तिला ‘ईथरनेट’ हे नाव दिले. प्रकाशलहरी ज्या सर्वव्यापी माध्यमातून जातात असे एकोणिसाव्या शतकात मानत, ते ईथर १८८७ च्या मायकेलसन-मोर्ले प्रयोगानंतर हळूहळू भौतिकशास्त्रातून हद्दपार झाले. ते पुढे संगणकांच्या तारेत येऊन राहिले, ही गंमत विज्ञानशिक्षकांनी वर्गात सांगण्याजोगी आहे.

नव्वदच्या दशकाच्या आरंभी कचेऱ्यांत आणि महाविद्यालयांत जी ईथरनेटची तार दिसे, ती काळी, गोल आणि दूरदर्शनच्या केबलसारखी असे. एकच तार एका यंत्राकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे अशी जाई. तिची कमाल लांबी १८५ मीटर, आणि दोन्ही टोकांना ५० ओहमचा रोध असलेली एकेक टोपी. ही टोपी निघाली की सगळेच जाळे बंद पडे, फक्त शेवटचा संगणक नव्हे! नव्या माणसाला हा चमत्कार वाटे.

वास्तविक ते आठवी-नववीचे भौतिकशास्त्र आहे. दोरीचे एक टोक हातात धरून झटका दिला तर तरंग दुसऱ्या टोकापर्यंत जातो आणि तिथून परततो. तारेतल्या विद्युत स्पंदाचेही तसेच होते. टोकाला तारेच्या स्वभावाशी जुळणारा रोध असेल तर स्पंदाची सारी ऊर्जा त्यात जिरते. टोक मोकळे असेल तर ती सारी परत फिरते आणि पुढच्या स्पंदांवर आदळते. टक्कर झाली असे समजून सर्व यंत्रे थांबतात, पुन्हा प्रयत्न करतात, पुन्हा थांबतात. केबल टीव्हीची तार दिसायला बरीच सारखी असली तरी ७५ ओहमची असते. ५० ओहमच्या तारेला तिचा तुकडा जोडला तर परावर्तनाचे गुणोत्तर (७५ − ५०) ÷ (७५ + ५०), म्हणजे एक पंचमांश येते. स्पंदाचा पाचवा हिस्सा सांध्यावरूनच माघारी येतो. दोन मीटरच्या प्रयोगात हे चालून जाते, लांब तारेत आणि अनेक सांध्यांत मात्र घात करते.

पिळलेल्या तारांच्या जोड्यांवरून चालणारे ईथरनेट १९९० मध्ये प्रमाणित झाले आणि काही वर्षांतच काळ्या तारेची सद्दी संपली. आता प्रत्येक यंत्राची स्वतंत्र तार मधल्या पेटीकडे जाऊ लागली. एका तारेचा दोष एका यंत्रापुरता राहिला. ही मोठीच सुधारणा होती, पण तिने एक नवा आणि फार फसवा दोष आणला. गिरगावपासून चालत जाण्याजोग्या अंतरावरचा लॅमिंग्टन रोड हा मुंबईचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार. तेथून ३०५ मीटर तारेचे खोके, पारदर्शक प्लग आणि ते दाबून बसवायची पक्कड घेऊन कोणीही जाळे उभारू शकत होता. तारेत आठ धागे, म्हणजे पिळलेल्या चार जोड्या असतात. पाहणाऱ्याला सहज वाटते की नारिंगी जोडी, मग हिरवी, मग निळी असे ओळीने बसवावे आणि दुसऱ्या टोकाला तोच क्रम ठेवावा. तपासणी यंत्रावर आठही दिवे लागतात. पण ईथरनेट १ व २ ही एक जोडी आणि ३ व ६ ही दुसरी जोडी वापरते. ओळीने बसवल्यावर ३ क्रमांकाचा धागा एका पिळातला आणि ६ क्रमांकाचा दुसऱ्या पिळातला होतो. पीळ असतो तो बाहेरची विद्युत गडबड दोन्ही धाग्यांवर सारखीच पडावी आणि वजाबाकीत नाहीशी व्हावी यासाठी. जोडीच फुटली तर वजाबाकी कशाची करणार? अशी तार पाच मीटरवर चालते, पन्नास मीटरवर रडत चालते आणि मोठी फाइल पाठवताना मध्येच बंद पडते. दोष मात्र बिचाऱ्या विंडोजला दिला जातो.

गॅलरीतून हाक

तार नीट असली तरी यंत्रांनी एकमेकांना ओळखायचे कसे? येथे १९८३ सालची एक खोली लागते. आयबीएमच्या लहान संगणकांच्या जाळ्यासाठी सायटेक या कंपनीने ‘नेटबायोस’ ही व्यवस्था तयार केली. तिची कल्पना एका कचेरीतल्या थोड्या यंत्रांची होती, त्यामुळे नावांची नोंदवही ठेवणारा कोणी प्रमुख तिच्यात असायलाच हवा असे नव्हते. नवे यंत्र सुरू झाले की ते ओरडून विचारी, ‘हे नाव कोणी घेतले आहे का?’ उत्तर आले नाही तर नाव त्याचे. नाव जास्तीत जास्त १५ अक्षरांचे. कोणाला कोणी हवे असेल तर पुन्हा तशीच हाक. चाळीच्या गॅलरीत उभे राहून ‘काकू, बंड्या आहे का?’ असे विचारावे आणि ज्याची त्याने ओ द्यावी, तसाच हा प्रकार. मजले तीन आणि बिऱ्हाडे थोडी असली तर याहून सोपी पद्धत नाही.

याच सुमारास आयबीएममध्ये बॅरी फायगेनबाउम यांनी दूरच्या यंत्रातली फाइल स्वतःच्याच यंत्रात असल्यासारखी उघडण्याचे नियम लिहिले. त्याला पुढे ‘एसएमबी’ हे नाव मिळाले. मायक्रोसॉफ्टने ते उचलले आणि १९९२ पासून घराघरातल्या विंडोजमध्ये घातले. त्याच वेळी कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल हा संशोधक विद्यार्थी तारेवरून जाणारे संदेश नुसते पाहून या नियमांचा अंदाज बांधत होता. त्याच्या मुक्त आज्ञावलीला नाव हवे होते, तेव्हा त्याने शब्दकोशाच्या फाइलीत स, म, ब यांची इंग्रजी अक्षरे याच क्रमाने असलेले शब्द शोधले आणि ‘सांबा’ हा शब्द निवडला. आज घरोघरी फोटो साठवायला ठेवलेल्या अनेक छोट्या पेट्यांत सांबाच चालत असतो.

हाका मारण्याच्या पद्धतीचा एक त्रास होता. जाळ्यात कोण कोण आहे याची यादी हवी असेल तर ती कोणीतरी ठेवायला हवी. म्हणून यंत्रे आपसात निवडणूक घेत! विंडोजची वरची आवृत्ती ज्याच्याकडे असे ते जिंके. बरोबरी झाली तर जास्त वेळ चालू असलेले. निवडून आलेले यंत्र यादी ठेवी. बाकीच्यांनी दर १२ मिनिटांनी ‘आहे’ म्हणून सांगायचे. तीन वेळा उत्तर आले नाही तर, म्हणजे ३६ मिनिटांनी, नाव काढायचे. यादीच्या प्रती ठेवणारे मदतनीस दर १५ मिनिटांनी नवी प्रत घेत. म्हणजे बंद केलेले यंत्र ५१ मिनिटांपर्यंत यादीत दिसू शके, आणि नुकतेच चालू केलेले यंत्र हजर असूनही काही मिनिटे दिसत नसे. यादी ठेवणाऱ्याने आपला संगणक खाडकन बंद केला की नव्या निवडणुकीपर्यंत सगळाच गोंधळ. ‘दिसत नाही’ म्हणजे ‘नाही’ असे नव्हे, हे येथे पक्के लक्षात ठेवावे. पुढे ते उपयोगी पडेल.

गच्चीवरचे जाळे

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांना इंटरनेट खुले केले, ते टेलिफोनवरून. नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली. त्यानंतर काही वर्षांतच मुंबईच्या केबलवाल्यांनी एक हिशेब मांडला. १९९१ च्या आखाती युद्धानंतर फोफावलेल्या केबल टीव्हीमुळे गच्चीवरून गच्चीवर तार नेण्याची कला त्यांच्या हाती होती. वसुलीची वही होती, आणि प्रत्येक सोसायटीत ओळख होती. इमारतीच्या जिन्यात एक पेटी टांगायची, तिच्यातून घरोघर निळी किंवा करडी तार न्यायची आणि पेट्या एकमेकींना जोडायच्या. इमारती खेटून उभ्या असल्याने १०० मीटरच्या मर्यादेत अनेक बिऱ्हाडे येत. शंभर मीटरला तार पुरली नाही तर मध्ये आणखी एक पेटी, आणि तिला वीज कोणाच्या तरी घरातून. त्या घरचे लोक गावाला जाताना मेन स्विच बंद करून गेले की पुढच्या दोन इमारतींचे इंटरनेट बंद! पहिल्या वळवाच्या पावसात वीज कडाडली की दुसऱ्या दिवशी जळालेल्या पेट्या बदलत माणसे फिरताना दिसत. उन्हातान्हात प्लास्टिक तडकलेल्या तारेत पाणी शिरे.

ही व्यवस्था स्वस्त होती, त्या काळच्या टेलिफोनजोडणीहून वेगवानही होती, आणि आमचे मत विचाराल तर आपल्याकडच्या जुगाडू अभियांत्रिकीचा तो एक उत्तम नमुना होता. पण तिच्यात एक मूलभूत चूक होती. ईथरनेट आणि नेटबायोस हे एका कचेरीसाठी, परस्परांवर विश्वास असलेल्या माणसांसाठी तयार झाले होते. केबलवाल्याने तीच हाकेची पद्धत अख्ख्या गल्लीला लावली. विंडोजमध्ये ‘नेटवर्क नेबरहुड’ म्हणजे ‘जाळ्यातला शेजार’ नावाचे चित्र असे. अमेरिकेत ती एक उपमा होती. गिरगावात ते चित्र उघडले की खरोखरच शेजार दिसे. वरच्या मजल्यावरचे, समोरच्या इमारतीतले, कधी पलीकडच्या रस्त्यावरचे संगणक, मालकांच्या नावांसह.

आम्ही तेव्हा विद्यार्थी होतो. मुलांना ही पर्वणीच होती. खेळ, गाणी, परीक्षेच्या टिपणांच्या फाइली यांची देवाणघेवाण इंटरनेटला हात न लावता होई. अडले की खिडकीतून विचारायचे, ‘काका, तुमचा कॉम्प्युटर चालू आहे का? लिस्टमध्ये येत नाहीये.’ परंतु त्याच यादीत कोणाच्या हिशेबाच्या वह्या, कोणाचे नोकरीचे अर्ज, घरगुती छायाचित्रे हेही उघडे पडलेले असे. कोणीतरी कधीतरी छपाईयंत्र दोन खोल्यांत मिळून वापरण्यासाठी ‘शेअर’ वर टिचकी मारलेली असे, आणि संपूर्ण सी ड्राइव्ह खुला राहिलेला असे. परवलीचा शब्द घातला असला तरी विंडोज ९५ व ९८ मध्ये तो पुरेसा नव्हता. शब्दाची लांबी किती धरायची हे विचारणाऱ्यानेच सांगायचे, आणि तेवढीच अक्षरे तपासली जायची. ‘एक अक्षर’ असे सांगितले की पहिले अक्षर ओळखून काम भागे. मायक्रोसॉफ्टने ही दुरुस्ती ऑक्टोबर २००० मध्ये दिली, पण ती घरोघरी बसवायला कोण जाणार?

सप्टेंबर २००१ मध्ये ‘निमडा’ हा किडा आला. पसरण्याच्या त्याच्या अनेक वाटांपैकी एक वाट म्हणजे असे खुले फोल्डर. ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ने तर फोल्डर खुला असण्याचीही गरज ठेवली नाही. विंडोजच्या दुसऱ्याच एका दारातून तो आत शिरला. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीसाठी जी मोठी सुधारणा दिली, तिच्यात प्रत्येक संगणकासमोर एक भिंत आपोआप उभी राहिली. बाहेरच्या हाकांना डीफॉल्टने उत्तर मिळेनासे झाले. केबल पुरवठादारही हळूहळू घराघरांच्या तारा पेटीतच एकमेकींपासून वेगळ्या करू लागले.

‘शेजारचा संगणक दिसत नाही’ ही तक्रार पुष्कळ घरांत येथून सुरू होते. ती बिघाडाची नव्हती, संरक्षणाची होती. एकाच घरातल्या दोन संगणकांना मात्र त्या भिंतीत मुद्दाम दार पाडावे लागू लागले.

भिंती वाढत गेल्या

विंडोज व्हिस्टाने २००७ पासून विचारायला सुरुवात केली की हे जाळे घरचे, कचेरीचे की सार्वजनिक? घाईत ‘सार्वजनिक’ म्हटले की यंत्र लपून बसे. २००९ मध्ये विंडोज ७ बरोबर ‘होमग्रुप’ ही सोपी पद्धत आली आणि २०१८ मध्ये ती काढूनही टाकली. मधल्या काळात मोठा घाला पडला होता. एसएमबीच्या पहिल्या, म्हणजे ऐंशीच्या दशकात मुळे असलेल्या आवृत्तीच्या हाताळणीत एक भगदाड होते. त्याची दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये आली. ज्यांनी ती बसवली नाही त्यांच्यावर १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ कोसळला आणि सुमारे १५० देशांतल्या दोन लाखांहून अधिक संगणकांतल्या फाइलींना कुलपे लागली. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, तेच भगदाड वापरणाऱ्या ‘नॉटपेट्या’ने मुंबईच्या खाडीपलीकडील जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचे काम विस्कळीत केले. फाइलवाटपाचा एक जुना नियम आणि कंटेनर खाली न करता थांबलेली जहाजे यांचा संबंध इतका थेट होता.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून नव्या विंडोज १० मध्ये एसएमबीची पहिली आवृत्ती मुळातच बसवलेली नसते. तिच्याबरोबर निवडणुका, १२ मिनिटांच्या हजेऱ्या आणि ती यादीही गेली. शाळेत एखादे एक्सपीचे जुने यंत्र आणि एखादे नवे यंत्र शेजारी ठेवले तर ती दोघे एकमेकांची भाषाच बोलत नाहीत, याचे कारण हे. अशा वेळी महाजालावर पहिली आवृत्ती ‘चालू करा’ असा सल्ला सहज मिळतो. तो मानू नये. जुन्या यंत्रातल्या फाइली एकदाच उतरवून घ्याव्यात आणि ते जाळ्याबाहेर ठेवावे.

आता तपासणीकडे वळू. यादीत नाव दिसते का, हे पाहण्यात वेळ घालवू नये. आधी दोन्ही यंत्रांचे पत्ते पाहावेत. एकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला पत्ता देणारा कोणी भेटलेला नाही. दोष तारेत किंवा पेटीत आहे. दोन्ही १९२.१६८ ने सुरू होत असतील आणि तिसरा आकडाही बहुतेक घरांत व शाळांत असतो तसा सारखा असेल, तर नावाऐवजी थेट पत्ता लिहून फाइल उघडून पाहावी. उघडली तर बिघाड फक्त हाकेचा आहे, आणि काम तसेही भागते. नाही उघडली तर जाळे ‘खासगी’ ठरवले आहे का आणि भिंतीतले फाइलवाटपाचे दार उघडे आहे का, ते पाहावे. हे दार म्हणजे ४४५ क्रमांक. एक यंत्र बिनतारी जोडणीवर असेल तर ती पाहुण्यांसाठीची जोडणी तर नाही ना, हेही बघावे, कारण ती एकाला दुसऱ्याशी बोलू देत नाही.

शाळांत सर्वाधिक आढळणारे कारण मात्र वेगळेच आहे. विद्यार्थ्यांना सोपे जावे म्हणून संगणकाच्या खात्याला परवलीचा शब्दच ठेवलेला नसतो. एक्सपीपासून पुढच्या विंडोजमध्ये अशा खात्याने समोर बसून काम करता येते, पण जाळ्यातून आत येता येत नाही. गिरगावातल्या उघड्या सी ड्राइव्हच्या काळाचा हा थेट वारसा. खात्याला शब्द घातला की पुष्कळदा सारे सुरळीत होते. आणि फोल्डरवर दोन परवानग्या असतात, एक जाळ्याची व एक डिस्कवरची. दोहोंत जी कडक ती लागू होते.

इतके करण्यापेक्षा फाइल सरळ मोबाइलवरून का पाठवू नये, असे विद्यार्थी विचारतील. दादरच्या एका खोलीतून शेजारच्या खोलीत पाठवलेली फाइल तशा वेळी बहुधा एखाद्या दूरच्या कंपनीच्या यंत्रात जाऊन परत येते. तिथे तिची प्रत किती काळ राहते, हे पाठवणाऱ्याच्या हातात नसते. इयत्तेच्या गुणपत्रिका, मुलांचे पत्ते, वैद्यकीय नोंदी असलेल्या फाइलींबाबत हा प्रश्न क्षुल्लक नाही. फरक वर्गात दाखवायचा असेल तर पेटीतून इंटरनेटची तार काढून घ्यावी. मोबाइलवरून त्या वाटेने पाठवलेली फाइल अडकेल, जाळ्यातली जाईल. तिची वेळ मुलांना मोजू द्यावी. सेकंदाला १०० मेगाबिट वाहणाऱ्या तारेवर एक गिगाबाइटला किमान ८० सेकंद लागतात, प्रत्यक्षात थोडे अधिक. ते दोन मिनिटांऐवजी दहा मिनिटांवर गेले, तर प्लग डोळ्यांजवळ धरून तिसऱ्या आणि सहाव्या धाग्याचे रंग पाहावेत.